मित्सुको उचिदा : दुसऱ्या क्रमांकानंतरची सात वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नाशिकला असता, मुलगी १३ वर्षांची आहे, पियानोच्या सातव्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी चालू आहे. जपानमध्ये जन्मलेल्या पियानोवादक मित्सुको उचिदा पियानोवर बसूनच वाद्यवृंदही चालवतात तो मोझार्टचा डी मायनर कॉन्चेर्टो (म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) तिने पाहिला आणि तेव्हापासून तिला ‘असंच’ व्हायचंय. अशी कारकीर्द घडते कशी, त्यासाठी स्पर्धा जिंकाव्या लागतात का, आणि आपल्याला उशीर तर झाला नाही ना, हे तुम्ही विचारलंय. मी पुण्यात बरीच वर्षं पियानो शिकवते. उचिदाबाईंशी माझी ओळख नाही, पण त्यांच्या ध्वनिमुद्रिका समोर ठेवून शिकवण्यात माझा बराच काळ गेलाय. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

उशिराचं आधी उरकून टाकू. १३ व्या वर्षी उचिदा व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत शिकत होत्या आणि १४ व्या वर्षी त्यांनी तिथल्या म्युझिकफेराइन या नामवंत सभागृहात पहिली एकल मैफल केली. त्या मापाने मोजलंत तर उशीर झालाय. पण ते माप लावलं तर आपल्याकडे पियानो शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला उशीरच झालेला असतो. शिवाय या बाईंचं नाव ज्याने झालं ते काम त्यांनी १४ व्या नव्हे, ३३ व्या वर्षी केलं. मला मुख्यतः बोलायचंय ते त्याबद्दलच.

जन्म २० डिसेंबर १९४८, गाव आतामी. टोकियोपासून जवळ, समुद्राकाठचं, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं. शिझुओका प्रांतातलं. याच प्रांतात हामामात्सु शहर आहे आणि यामाहा आणि कावाई, पियानोच्या दोन्ही मोठ्या कंपन्या तिथल्याच. युद्धानंतरच्या जपानमध्ये मध्यमवर्गाच्या घरात पियानो येऊ लागला तो यांच्यामुळे. यामाहाने १९५४ मध्ये मुलांसाठी संगीताचे वर्ग सुरू केले आणि पुढे ते देशभर पसरले. म्हणजे मूल पियानो शिकतंय यात जपानमध्ये त्या काळी काही नवल राहिलं नव्हतं. उचिदाही लहानपणी शिकत होत्याच. पण त्या जपानी शिक्षणव्यवस्थेतून घडल्या असं म्हणता येत नाही, कारण १२ व्या वर्षी त्यांनी देश सोडला.

वडील मुत्सद्दी. ऑस्ट्रियात जपानचे राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब व्हिएन्नाला गेलं. राजदूताच्या घरातली मुलगी, युरोपातली मोठी अकादमी त्याच शहरात, संध्याकाळी ऐकायला जगातले सर्वोत्तम वादक. ही परिस्थिती कुणी कष्टाने मिळवत नाही, ती मिळालेली असते. मोठ्या कलाकारांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत गुंडाळून ‘जिद्दी’वर चार पानं लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पालकांचं त्याने नुकसान होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अकादमीत त्यांचे गुरू होते रिचर्ड हाउझर. (याच संस्थेत काही वर्षं आधी मुंबईचा एक मुलगा हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकून गेला होता : झुबिन मेहता. व्हिएन्ना आपल्याला वाटते तितकी परकी नाही.) पाचेक वर्षांनी वडिलांची बदली झाली, घरचे परत गेले. मुलगी मात्र व्हिएन्नातच राहिली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने एकटीने परदेशात राहून शिकायचं, ते साठच्या दशकात. जिद्दीवर लिहायचंच असेल तर ते इथे लिहावं. पुढे विल्हेल्म केम्फ आणि श्टेफान आस्केनाझे या नावाजलेल्या पियानोवादकांचंही मार्गदर्शन त्यांना मिळालं.

आता स्पर्धा. १९६९ मध्ये व्हिएन्नाच्या बीथोव्हेन स्पर्धेत पहिला क्रमांक. १९७० मध्ये वॉर्सॉच्या शोपाँ स्पर्धेत दुसरा. पहिला आला अमेरिकेचा गॅरिक ओल्सन. १९७५ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स स्पर्धेत पुन्हा दुसरा. पहिला दिमित्री अलेक्सेयेव्ह. लीड्सच्या त्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकाच्या दोन मानकऱ्यांपैकी एक होते आंद्राश शिफ, ज्यांचं नाव आज बाख आणि मोझार्टच्या संदर्भात उचिदांइतकंच आदराने घेतलं जातं. म्हणजे स्पर्धेचा निकाल आणि चाळीस वर्षांनंतरचा निकाल यांचा फारसा मेळ बसत नाही.

स्पर्धा निरुपयोगी असतात असं मात्र मी म्हणणार नाही. शोपाँ स्पर्धेतल्या दुसऱ्या क्रमांकाने उचिदांचं नाव युरोपभर झालं. त्याआधी कुठल्याही जपानी वादकाला तिथे एवढं यश मिळालं नव्हतं. १९६५ मध्ये हिरोको नाकामुरा चौथ्या आल्या होत्या, तीच मोठी बातमी होती. उचिदांची बरोबरी व्हायला पुढे ५१ वर्षं जावी लागली : २०२१ मध्ये क्योहेइ सोरिता यांनी दुसरा क्रमांक विभागून मिळवला. तेव्हा स्पर्धेने दार उघडतं हे खरं. दार उघडल्यावर तुम्ही आत काय घेऊन जाता हे स्पर्धा ठरवत नाही.

आणि इथे उचिदाबाईंनी केलेली गोष्ट मला फार धीराची वाटते. शोपाँ स्पर्धेत दुसरी आलेली २१ वर्षांची मुलगी. पुढची दहा वर्षं तिने शोपाँच वाजवावा अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. तिकिटं त्याचीच खपतात. पण त्यांच्या ध्वनिमुद्रणांची यादी काढून बघा. शोपाँ जवळजवळ नाहीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या सोनाटाची (सोनाटा म्हणजे बहुधा एकट्या पियानोसाठीची, अनेक भागांची रचना) एक तबकडी आहे, चांगली आहे. बाकी यादी मोझार्ट, शूबर्ट, बीथोव्हेन, शूमान, डेब्युसी, शोनबर्ग यांची. ज्या नावाची पाटी स्पर्धेने गळ्यात अडकवली ती त्यांनी काढून ठेवली.

दुसरा निर्णय शहराचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी व्हिएन्ना सोडली आणि लंडनला बिऱ्हाड केलं, ते आजतागायत. मोझार्ट, बीथोव्हेन, शूबर्ट ज्या गावात राहिले ते गाव, तिथली भाषा मातृभाषेसारखी येते, आणि ते सोडून जायचं? कारण साधं होतं. व्हिएन्नात प्रत्येकाला ठाऊक असतं की शूबर्ट ‘कसा’ वाजवायचा. तुम्हाला वेगळं ऐकू येत असेल तर ते म्हणायची सोय नसते. घराण्याच्या बाहेर पडलेल्या गवयांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता ती सात वर्षं. लीड्स १९७५ मध्ये. पुढची ठळक नोंद १९८२ ची. मधल्या काळाबद्दल चरित्रकोशात ओळसुद्धा सापडत नाही. मैफली चालू होत्या, पण नाव गाजत नव्हतं, मोठ्या कंपनीचा करार नव्हता. २६ ते ३३ हे वय. आजच्या हिशेबाने याच वयात वादक ‘संपलेला’ धरतात. तोवर दोन-तीन नवे विजेते येऊन गेलेले असतात. आणि मग १९८२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये मोझार्टच्या सगळ्या पियानो सोनाटा मालिकेने वाजवल्या, टोकियोतही वाजवल्या. त्यानंतर फिलिप्स कंपनीने त्यांना करारबद्ध केलं आणि गाडी जी सुटली ती आजपर्यंत थांबलेली नाही.

हे वाचून पहिला प्रश्न पडायला हवा तो असा की मोझार्टच्या सोनाटाच का? कारण तेव्हा त्या फारसं कुणी मोठ्या मंचावर सलग वाजवत नसे. त्या विद्यार्थ्यांच्या समजल्या जात. अठरा सोनाटा, त्यातल्या अर्ध्याअधिक परीक्षांच्या पुस्तकांत येतात. तुमच्या मुलीने के. ५४५ (‘के.’ हा मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) वाजवलेला असणारच, सी मेजरमधला, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी एक. तोच समोर ठेवू आणि त्यात काय अवघड आहे ते बघू.

डावा हात सा-प-ग-प, सा-प-ग-प असा फिरत राहतो. उजव्या हातात पहिल्या मापात (म्हणजे बारमध्ये) लांब सा, मग ग, मग प. पुढच्या मापात खालचा नि जरा थांबून, आणि सा-रे-सा असं पटकन वळण. बस. आठ वर्षांचं मूल हे वाजवतं. आता मुलीला हे वाजवायला सांगा आणि फक्त डावा हात ऐका. अंगठा दर वेळी त्याच प वर पडतो. अंगठा मुळातच जड, त्यामुळे प-प-प असे ठोके ऐकू येऊ लागतात आणि उजव्या हाताच्या सुरांना त्या ठोक्यांच्या डोक्यावरून ओरडावं लागतं. अंगठ्याचं वजन काढलं तर सा-प-ग-प हा एकच सलग सूर होतो आणि वरची चाल त्यावर सहज तरंगते. मग उजवा हात. सा, ग, प हे तीन सूर एकाच वजनाने वाजले तर ती नुसती पाढ्यासारखी चढण होते. पहिला सा टेकून, ग हलका, प त्याहून किंचित पुढे झुकलेला, आणि खालच्या नि वर पुन्हा भार, कारण तो नि दुखरा सूर आहे, त्याला सा वर जाऊन सुटायचंय. हे सगळं एका श्वासात व्हायला हवं आणि ‘केलेलं’ दिसता कामा नये. फ्रान्झ लिस्टच्या रचनांत एक सूर चुकला तर शंभर सुरांत खपून जातो. इथे लपायला जागाच नाही.

उचिदाबाईंच्या मोझार्टमध्ये हे डाव्या हाताचं काम ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या त्या काळच्या सोनाटा मला थोड्या जास्तच गुळगुळीत वाटतात, हेही सांगून टाकते. काही संथ भागांत प्रत्येक वाक्य इतकं हळुवार सोडलंय की जरा मोकळं बोला असं म्हणावंसं वाटतं. पण ध्वनीवरचं नियंत्रण असं की डाव्या हाताचा एकही ठोका कानाला टोचत नाही. ते नियंत्रण तयार व्हायला लागली ती वर्षं म्हणजेच चरित्रात न दिसणारी वर्षं. माझ्या मते एवढंच उत्तर आहे तुमच्या मुख्य प्रश्नाला. बाकी सगळा तपशील.

तपशिलात नशीबही येतं. १९८२ हेच साल सीडी बाजारात आल्याचं. ती सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून काढलेली वस्तू. नव्या तबकडीसाठी कंपन्यांना सगळं पुन्हा, डिजिटल पद्धतीने ध्वनिमुद्रित करून हवं होतं, आणि संपूर्ण संच विकायला सोपे. त्या वेळी मोझार्टचा अख्खा पट हातात तयार असलेली ३३ वर्षांची वादक समोर उभी होती. सोनाटांचा संच झाला, त्याला १९८९ मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिकाचा पुरस्कार मिळाला. १९८५ पासून संचालक जेफ्री टेट आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा यांच्याबरोबर कॉन्चेर्टोंचा संच झाला. संधी आली तेव्हा तयारी होती हे कौतुक. ती त्याच वर्षी आली हा योग.

तुमच्या मुलीला जे आवडलं त्याकडे येते. डी मायनर कॉन्चेर्टो, के. ४६६. हा मोझार्टने स्वतः व्हिएन्नात फेब्रुवारी १७८५ मध्ये पहिल्यांदा वाजवला. वडील लिओपोल्ड हजर होते आणि त्यांनी मुलीला पत्रात कळवलंय की आम्ही पोचलो तेव्हा नक्कलनवीस अजून कागद उतरवत होता आणि शेवटचा भाग एकदा वाजवून बघायलाही वेळ मिळाला नव्हता. त्या काळी वेगळा संचालक नसे, वादकच बसल्या जागेवरून वाद्यवृंद सांभाळत असे. उचिदाबाई तेच करतात. त्यासाठी पियानोचं झाकण पूर्ण काढून टाकतात आणि पियानो आडवा न ठेवता त्याची शेपूट वाद्यवृंदाच्या आत घालतात. वादकाची पाठ श्रोत्यांकडे येते आणि डोळे व्हायोलिनवाल्यांकडे. झाकण काढल्याने आवाज सभागृहात फेकला जाण्याऐवजी वर आणि चहूकडे पसरतो, म्हणजे वाद्यवृंदाला तो नीट ऐकू येतो.

सुरुवातीला तंतुवाद्यं ठोक्याच्या मधोमध धडधडत राहतात, खालून बास झेपावतो. दोनेक मिनिटं पियानोवर काहीच नाही, हात फक्त वाद्यवृंदाला वाट दाखवतात. मग सगळे थांबतात आणि पियानो एकटा बोलू लागतो, तेही वाद्यवृंदाने अजिबात न म्हटलेली नवीच चाल घेऊन. मुलीला सांगा, त्या क्षणी बाईंच्या खांद्यांकडे बघ. एवढा वेळ मोठमोठे हावभाव करणारे हात पट्ट्यांवर येईपर्यंत पूर्ण सैल झालेले असतात. हे जमवणं भलतंच अवघड आहे. हात वर उचलून दोन मिनिटं काही करा आणि लगेच एक हळू सूर वाजवून बघा. दंड दगडासारखे झालेले असतात.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी याच पद्धतीने मोझार्टचे कॉन्चेर्टो पुन्हा ध्वनिमुद्रित केले, या वेळी मैफलीत. त्यातल्या २३ व्या आणि २४ व्या कॉन्चेर्टोच्या तबकडीला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. टेटबरोबरचा जुना संच आणि हा नवा यांत मला नवा कितीतरी जास्त आवडतो. जुन्यात सौंदर्य आहे, नव्यात संभाषण आहे. त्याच क्लीव्हलँडबरोबर, पिएर बुलेझ यांच्या संचालनाखाली, शोनबर्गचा पियानो कॉन्चेर्टोही आहे. शोनबर्ग म्हटलं की आपल्याकडचे पियानोवाले कानावर हात ठेवतात. बाईंनी तो वाजवलाय असा की त्यात व्हिएन्नाचा वॉल्ट्झ ऐकू यावा. मुलीला लगेच ऐकवू नका, पण तुम्ही ऐका.

शूबर्टबद्दल थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही. बी फ्लॅटमधला शेवटचा सोनाटा, डी. ९६०, शूबर्टने मृत्यूच्या दोनच महिने आधी पुरा केलेला. सुरुवातीला मधल्या सप्तकात शांत, भजनासारखी चाल, आणि आठव्या मापात डाव्या हाताला अगदी खालच्या जी फ्लॅटवर एक कंप (ट्रिल), अतिशय हळू आवाजात. बहुतेक जण तिथे एकतर गडगडाट करतात किंवा सूर गिळतात. खालच्या पट्ट्या जड असतात, त्यांच्या तारा लांब आणि जाड. हळू कंप काढायचा तर बोटं पट्टीवरून उचलायचीच नाहीत, पट्टी पूर्ण वर येण्याआधी पुन्हा दाबायची. चांगल्या ग्रँड पियानोत पट्टी अर्ध्यातूनच पुन्हा वाजण्याची सोय असते, म्हणून हे जमतं. आपल्याकडच्या बहुतेक अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, ती सोय नसते. मुलगी पुढे हे शिकायला घेईल तेव्हा अपराइटवर जमलं नाही म्हणून रडायला नको.

त्यांनी काय केलं नाही, तेही कारकिर्दीचाच भाग आहे. जगभरच्या विद्यापीठांनी बोलावलं असेलच, पण कुठल्या अकादमीत कायमच्या प्राध्यापक म्हणून त्या बसल्या नाहीत. त्याऐवजी अमेरिकेत व्हर्माँट राज्यात उन्हाळ्यात सात आठवडे चालणाऱ्या मार्लबरो या संगीत-महोत्सवाची जबाबदारी १९९९ मध्ये घेतली, आधी पियानोवादक रिचर्ड गूड यांच्याबरोबर, अलीकडे जोनाथन बिस यांच्याबरोबर. रुडॉल्फ सेर्किन आणि मंडळींनी १९५१ मध्ये सुरू केलेली ही जागा अजब आहे. मुरलेले आणि तरुण वादक एकाच गटात, बरोबरीने वाजवतात. एखादी रचना हवी तेवढे दिवस घोळवायची. मैफलीपर्यंत पोचली तर पोचली, नाहीतर नाही. तालमीत घेतलेल्या बहुतेक रचना लोकांसमोर येतच नाहीत. आणि जेवणाच्या वेळी मोठमोठे कलावंत एकमेकांना कागदी रुमालांचे बोळे फेकून मारतात, ही तिथली जुनी परंपरा. परीक्षेची तारीख नसताना संगीत कसं होतं ते तिथे कळतं.

सन्मानांची यादी भराभर : २००९ मध्ये ब्रिटनचा ‘डेम’ किताब, २०१२ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीचं सुवर्णपदक, २०१५ मध्ये जपानचा कलांसाठीचा पुरस्कार, प्रेमियम इम्पीरियाले. आणि २०२२ मध्ये, ७३ व्या वर्षी, बीथोव्हेनच्या डियाबेली व्हेरिएशन्सची पहिली ध्वनिमुद्रिका. ही रचना मैफलीत वाजवण्याआधीही वादक वर्षानुवर्षं वाट बघतात. तीत एकाच चालीची ३३ रूपं आहेत आणि निम्म्यांत बीथोव्हेन चक्क थट्टा करतोय. बाईंनी ती थट्टा दडवलेली नाही.

एक गैरसमज मात्र टाळा. जपानी वादकांचा म्हणून काही एकच मार्ग नसतो. फुजिको हेमिंग यांचा जन्म बर्लिनमधला, आई जपानी पियानोवादक, वडील स्वीडिश. तरुणपणी त्या राष्ट्रीयत्वाच्या घोळात अडकल्या, पुढे ऐन उमेदीत कान गेले, नंतर डाव्या कानाला थोडं ऐकू येऊ लागलं. वर्षानुवर्षं युरोपात शिकवण्या केल्या. १९९९ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने त्यांच्यावर माहितीपट दाखवला आणि साठी उलटलेल्या या बाई रातोरात घराघरांत पोचल्या. त्यांचं लिस्टचं ‘ला काम्पानेला’ तज्ज्ञांना संथ आणि चुकांचं वाटतं, लोकांनी डोक्यावर घेतलं. नोबुयुकी त्सुजी जन्मांध. २००९ मध्ये व्हॅन क्लायबर्न स्पर्धेचं सुवर्णपदक विभागून मिळवलं आणि त्यांच्या बाबतीत स्पर्धेनेच सगळं घडवलं. तेव्हा कुणा एकाच्या आयुष्याचा नकाशा करून त्यावर मुलीला चालवू नका, उचिदांच्याही नाही.

आता तुमच्या घरापुरतं. ग्रेडच्या परीक्षांबद्दल माझं मत कडक आहे. परीक्षा वाईट नाही, पण तिच्यामुळे मूल वर्षभर तीन-चार पीस घासत बसतं आणि आठवी ग्रेड होईपर्यंत त्याचं एकूण वाचन पंचवीस-तीस रचनांच्या पलीकडे जात नाही. युरोपातल्या अकादमीत प्रवेश घ्यायला गेलेल्या आपल्या मुलांचे हात कमी पडत नाहीत, तिथे कमी पडतं हे वाचन. सातवी ग्रेड एक वर्ष पुढे ढकला. त्या वर्षात मुलीला दर आठवड्याला एक नवी सोपी रचना नुसती वाचायला द्या. बाखच्या छोट्या, हायडनच्या सोनाटा, शूबर्टचे नाच, बार्टोकचं मुलांसाठीचं पुस्तक. घासायची नाही, वाचायची आणि सोडायची. सोबत एकच रचना वर्षभर, अगदी खोल.

दुसऱ्यांबरोबर वाजवायला मिळतंय का ते बघा. नाशिकमध्ये व्हायोलिन किंवा बासरी पाश्चात्त्य पद्धतीने शिकणारं एखादं मूल शोधा. मुंबई फार लांब नाही, एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली होतात, हंगामात दोनदा तरी घेऊन जा आणि शक्य असेल तर पियानोवादकाचे हात दिसतील अशा, म्हणजे डाव्या बाजूच्या खुर्च्या घ्या. स्पर्धेत भाग घ्यायचा तर घ्या, वर्षातून एकदा, निकाल घरी चर्चेला न घेता. परदेशी शिक्षणाचा विचार सोळाव्या-सतराव्या वर्षी करा, त्याआधी नाही; आणि तिथे गेलेल्यांतले बहुसंख्य शेवटी शिक्षक होतात, मैफलीचे वादक नाही, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा. मीही त्यातलीच. वाईट चाललेलं नाही.

पियानोची काळजी घ्या. अपराइट असेल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लावू नका, आर्द्रतेने लाकडी पाट फुगून सूर चढतात. ट्यूनरला जूनमध्ये न बोलवता पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास बोलवा. डिजिटल असेल तर पट्ट्यांचा प्रतिसाद (टच) हलका-जड करण्याची सोय बहुधा त्यात असेल, ती मधल्या पायरीवर ठेवा, सगळ्यात जड नको.

ऐकण्याचा क्रम विचारला नाहीत, तरी देते. आधी क्लीव्हलँडबरोबरचा २३ वा कॉन्चेर्टो, त्यातला मधला संथ भाग. मग के. ५४५ चा सोनाटा, स्वरलिपीची वही समोर धरून. मग डेब्युसीचे एत्यूद, म्हणजे बोटांच्या तंत्रावरच्या रचना, कारण तिथे कळेल की या हळुवार बाईंची बोटं किती धारदार आहेत. शूबर्ट सगळ्यात शेवटी, दोन-तीन वर्षांनी. आणि के. ५४५ ऐकून झाल्यावर तिला पहिल्या आठ मापांचा फक्त डावा हात वाजवायला सांगा, इतका हळू की शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नये, पण एकही सूर गळता कामा नये. जमायला आठवडे लागतील. जमल्यावर उजवा हात जोडा आणि मला कळवा, मग पुढची आठ मापं बघू.